ऑस्बर्न हाउस पाहायला जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांकडे आलेले आईवडील, इथे शिकायला आलेले विद्यार्थी, सुट्टीत आठवडाभर इंग्लंड पाहणारी कुटुंबं, अशा सगळ्यांकडून ऑस्बर्न हाउसबद्दल तेच तेच प्रश्न येत राहतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. तिकिटांचे दर आणि उघडण्याच्या वेळा दर वर्षी बदलतात, म्हणून त्या मुद्दाम दिलेल्या नाहीत. निघण्याआधी इंग्लिश हेरिटेज या, ऑस्बर्न चालवणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

१. ऑस्बर्न हाउस म्हणजे नेमकं काय? राजवाडाच ना?

राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांनी स्वतःसाठी, मुलाबाळांसह राहायला बांधलेलं हे खासगी घर. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यासमोर आयल ऑफ वाइट नावाचं बेट आहे, त्याच्या उत्तर टोकाला ईस्ट काउज गावाजवळ ते आहे. १८४५ साली दोघांनी ही इस्टेट विकत घेतली, जुनं घर पाडलं आणि लंडनचा नामांकित बांधकाम व्यावसायिक टॉमस क्युबिट याच्याकडून नवं बांधून घेतलं. समोरची सॉलंट सामुद्रधुनी पाहून अल्बर्टला नेपल्सचा उपसागर आठवायचा, म्हणून घराला इटालियन धाटणी आली: दोन उंच मनोरे, गच्च्या, कारंजी. १८४६ मध्ये कुटुंब राहायला आलं, उरलेलं काम १८५१ पर्यंत चाललं. अल्बर्ट १८६१ मध्ये वारला. राणी त्यानंतरही आयुष्यभर इथे येत राहिली आणि २२ जानेवारी १९०१ रोजी याच घरात तिने प्राण सोडला. मुलगा सातवा एडवर्ड याने १९०२ साली, आपल्या राज्याभिषेकाच्या दिवशी, हे घर देशाला देऊन टाकलं.

२. पाटीवर ‘ग्रेड वन लिस्टेड’ असं असतं. त्याचा अर्थ काय?

इंग्लंडमध्ये ऐतिहासिक किंवा वास्तुकलेच्या दृष्टीने महत्त्वाच्या इमारतींची एक सरकारी यादी असते. त्यात तीन श्रेणी आहेत: ग्रेड वन, ग्रेड टू स्टार आणि ग्रेड टू. यादीतल्या दहापैकी नऊहून अधिक इमारती ग्रेड टू असतात, ग्रेड वनमध्ये जेमतेम अडीच टक्के बसतात. ऑस्बर्न त्या अडीच टक्क्यांत आहे. यादीत नाव आलं की परवानगीशिवाय इमारतीचं रूप बदलता येत नाही, आतलंसुद्धा. तसं करणं फौजदारी गुन्हा आहे.

मुंबईकरांना ही कल्पना नवी नाही. १९९५ च्या वारसा नियमावलीने मुंबईतल्या इमारतींनाही अशाच श्रेणी दिल्या आहेत.

यादी सांभाळते ती संस्था हिस्टॉरिक इंग्लंड. ऑस्बर्न चालवते ती इंग्लिश हेरिटेज. २०१५ पर्यंत ही दोन्ही कामं एकाच संस्थेकडे होती, त्यामुळे जुन्या लेखांत नावांची सरमिसळ आढळते.

३. घर लिस्टेड आहे म्हणजे कोणालाही आत जाऊन पाहता येतं ना?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. यादीतली बहुसंख्य घरं लोकांची राहती घरं आहेत. रस्त्यावरून पाहा, फोटो काढा, पण दारावर थाप मारू नका. आत जाता येतं ते इंग्लिश हेरिटेज, नॅशनल ट्रस्ट यांसारख्या संस्थांच्या किंवा मालकांनी तिकीट लावून उघडलेल्या घरांत. एक सुंदर अपवाद: सप्टेंबरमध्ये ‘हेरिटेज ओपन डेज’ असतात. एरवी बंद असणाऱ्या कितीतरी इमारती तेव्हा काही दिवस मोफत उघडतात. त्या सुमारास इंग्लंडात असाल तर आपल्या गावाची यादी नक्की पाहा.

४. आयल ऑफ वाइटसाठी वेगळा व्हिसा लागतो का?

लागत नाही. हे बेट इंग्लंडचाच भाग आहे. आयल ऑफ मॅन, जर्सी, गर्न्सी यांची व्यवस्था वेगळी आहे, त्यावरून हा घोटाळा होतो.

५. लंडनहून सकाळी निघून रात्री परत येता येईल का? कसं जायचं?

येईल, पण पहाटेची तयारी हवी. दोन सोयीचे मार्ग आहेत.

पहिला पोर्ट्समथवरून. लंडन वॉटर्लूहून पोर्ट्समथ हार्बरला रेल्वेने साधारण पावणेदोन तास. स्टेशनला लागूनच वाइटलिंक कंपनीची कॅटमरान बोट मिळते, ती २२ मिनिटांत बेटावरच्या राइड गावाला पोचवते. रेल्वेचं तिकीट थेट राइडपर्यंतचं काढलं तर बोटही त्यातच येते. राइडहून ४ नंबरची बस ऑस्बर्नच्या दाराशी जाते. बोट धक्क्याच्या टोकाला लागते आणि धक्का जवळजवळ अर्धा मैल लांब आहे, तेव्हा सोबत ज्येष्ठ मंडळी असतील तर तिथली छोटी रेल्वे घ्या. पोर्ट्समथच्याच साउथसीहून हॉवरक्राफ्टही सुटतं. ते पाण्यावरून तरंगत दहा मिनिटांत राइडच्या किनाऱ्यावर चढतं. मुलं त्यावर बेहद्द खूश होतात.

दुसरा मार्ग साउदॅम्प्टनवरून. रेड फनेल कंपनीची गाड्या वाहणारी फेरी तासाभरात ईस्ट काउजला उतरवते, तिथून घर दीडएक मैलावर. त्यांची जलद बोट मात्र नदीच्या पलीकडे, वेस्ट काउजला जाते. मग साखळीवर ओढला जाणारा तराफा, ज्याला तिथे फ्लोटिंग ब्रिज म्हणतात, त्यावरून नदी ओलांडावी लागते. तो कधी कधी बंद असतो. चौकशी करून मगच हा मार्ग धरा.

स्वतःची गाडी असेल तर फेरीचं आरक्षण जितकं आधी कराल तितकं बरं. ऑगस्टमध्ये भाडं पाहून डोळे पांढरे होतात.

६. आमच्याकडे नॅशनल ट्रस्टचं कार्ड आहे. ते चालेल ना?

चालणार नाही. नॅशनल ट्रस्ट आणि इंग्लिश हेरिटेज या पूर्ण वेगळ्या संस्था आहेत. दारात गेल्यावर हे कळलं की सगळ्या कुटुंबाचं तिकीट काढावं लागतं. इंग्लिश हेरिटेजचं वार्षिक सभासदत्व असेल तर प्रवेश मोफत, सोबतची मुलंही त्यात येतात. भारतातून आलेल्यांसाठी ठरावीक दिवसांचा परदेशी पर्यटक पास असतो. स्टोनहेंज, डोव्हरचा किल्ला आणि ऑस्बर्न ही तीन ठिकाणं करणार असाल तर पासाचा हिशेब मांडून पाहा, बहुधा तो स्वस्त पडतो. दारात काढलेल्या तिकिटापेक्षा आधी ऑनलाइन काढलेलं तिकीट कमी किमतीत मिळतं.

७. आईबाबा जानेवारीत येताहेत. तेव्हा गेलं तर चालेल?

हिवाळ्यात ऑस्बर्न ठरावीक दिवशीच उघडतं आणि लवकर बंद होतं. दिवसही छोटा, चार-साडेचारला अंधार. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. त्यामुळे पर्याय असेल तर एप्रिलअखेर ते सप्टेंबर हा काळ निवडा. जानेवारीशिवाय इलाजच नसेल तर बेटावर एक रात्र मुक्काम ठेवा (प्रश्न १५ पाहा).

८. किती वेळ ठेवावा आणि कुठून सुरुवात करावी?

पाच तास ठेवा. दोन तासांत ‘उरकलं’ म्हणणारे लोक मला भेटतात. त्यांनी घर पाहिलं, पण दरबार रूमचा (प्रश्न ९ पाहा) कॉरिडॉर पळत ओलांडला आणि समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोचलेच नाहीत.

घरात फिरण्याचा मार्ग ठरवून दिलेला असतो. तळमजल्यावर दिवाणखाना, बिलियर्डची खोली आणि जेवणघर एकाच जिन्याभोवती एकमेकांना जोडलेली आहेत. वरच्या मजल्यावर राणीची बैठकीची खोली लागते, तिथे दोघांची लिहायची टेबलं शेजारी शेजारी मांडलेली आहेत. तिथे थांबा. सरकारी कागदांवर दोघांचं काम इथेच चालायचं. त्याच मजल्यावर तिची झोपण्याची खोली आहे, जिथे ती वारली. कुटुंबाने तो मजला नंतर बंद ठेवला होता. १९०४ पासून लोकांना तळमजला पाहता येऊ लागला, पण या खासगी खोल्या १९५४ साली दुसऱ्या एलिझाबेथने परवानगी दिल्यावर उघडल्या. तिथे लोक आपसूक हळू आवाजात बोलतात, आपणही तसंच वागावं.

९. दरबार रूमबद्दल खूप ऐकलंय. तिथे खरंच भारतीय काय आहे?

जवळजवळ सगळं. आणि आपण मराठी माणसांनी ती खोली जरा जास्तच वेळ पाहावी असं मला मनापासून वाटतं.

१८७६ साली व्हिक्टोरियाने भारताची सम्राज्ञी ही पदवी घेतली. भारतात ती कधीच आली नाही. १८९० ते ९१ मध्ये तिने घराला एक नवी बाजू जोडली आणि तिच्या तळमजल्यावर मेजवान्यांसाठी हे दालन करवून घेतलं. आराखडा लाहोरच्या मेयो स्कूल ऑफ आर्टमधल्या भाई राम सिंग यांचा. त्यांचे गुरू जॉन लॉकवुड किपलिंग यांनी सुरुवातीला मार्गदर्शन केलं. हे किपलिंग लाहोरला जाण्याआधी दहा वर्षं मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत होते. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरची शिल्पं त्यांचीच. छतापासून भिंतीपर्यंत दिसणारी पांढरी नक्षी संगमरवराची वाटते, पण ती प्लास्टर आणि कागदाच्या लगद्यापासून साच्यांत घडवलेली आहे. शेकोटीच्या वर पिसारा फुलवलेला मोर आहे, दाराच्या वर गणपती. गालिचा आग्र्याचा.

या दोघांचं नाव राणीपर्यंत पोचलं त्यात तिचा मुलगा आर्थर, म्हणजे ड्यूक ऑफ कॉनॉट, याचा हात होता. त्याच्या बॅगशॉट पार्क इथल्या घरातली बिलियर्डची खोली आधी याच दोघांनी सजवली होती. आणि हाच आर्थर १८८६ पासून १८९० पर्यंत मुंबई इलाख्याच्या फौजेचा सेनापती होता. पुण्यातल्या त्याच्या वास्तव्यात, मार्च १८८८ मध्ये, हरि रावजी चिपळूणकरांनी त्याच्यासाठी एक समारंभ केला होता. जोतीराव फुले तिथे शेतकऱ्याच्या वेशात गेले. हिरेमाणकांनी मढलेल्या पाहुण्यांकडे पाहून त्यांनी ड्यूकला सांगितलं की हे लोक म्हणजे भारत नव्हे, खरा भारत पाहायचा तर खेड्यांत आणि अस्पृश्यांच्या वस्त्यांत चला, आणि गरिबांना शिक्षण हवं आहे हा निरोप आपल्या आईला पोचवा.

दरबार रूममध्ये काचेच्या कपाटांत राणीच्या १८८७ आणि १८९७ च्या जुबिलींना भारतातून आलेली मानपत्रं आणि त्यांच्या चांदीच्या, हस्तिदंताच्या पेट्या मांडल्या आहेत. कारागिरी पाहून थक्क व्हायला होतं, व्हावंच. पण त्या पेट्यांसमोर उभं राहून जोतीरावांचं ते बोलणं आठवावं. या खोलीत जो भारत राणीपुढे ठेवला गेला, त्यात त्यांचा निरोप कुठेच दिसत नाही.

१०. कॉरिडॉरमधली भारतीय माणसांची चित्रं कोणाची आहेत?

ऑस्ट्रियन चित्रकार रुडॉल्फ स्वोबोडा याची. १८८६ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये वसाहतींचं आणि भारताचं मोठं प्रदर्शन भरलं. तिथे विणकर, कुंभार, तांब्याची भांडी घडवणारे कारागीर प्रत्यक्ष काम करून दाखवत. लोकांना ते गावाकडून आलेले कसबी वाटत. प्रत्यक्षात त्यातले बहुतेक जण आग्र्याच्या तुरुंगातले कैदी होते, ही कला त्यांना तुरुंगात शिकवलेली होती. राणीने स्वोबोडाकडून त्यांच्यातल्या काहींची चित्रं काढून घेतली, ती तिला इतकी आवडली की तिने त्याला भारतात पाठवलं. १८८६ ते १८८८ अशी दोन वर्षं तो तिकडे फिरला.

चित्रं आकाराने लहान आहेत, त्यामुळे लोक ओलांडून पुढे जातात. कृपया तसं करू नका. म्हातारा कुंभार बक्षीराम शोधा. त्याचं वय तेव्हा १०२ असल्याची नोंद आहे. त्याचा चेहरा स्वोबोडाने ज्या आदराने रंगवला आहे तो इथल्या कित्येक राजेरजवाड्यांच्या मोठ्या तसबिरींत नाही. भाई राम सिंग यांचंही चित्र आहे. ही माणसं इथे नावासकट आहेत, ही फार मोठी गोष्ट आहे, कारण त्या काळच्या चित्रांत अशा माणसांखाली नुसता जातीचा किंवा धंद्याचा उल्लेख असायचा. म्हणून प्रत्येक चित्राखालची पाटी वाचा आणि मुलांनाही वाचायला लावा.

११. राणीला हिंदी शिकवणारा तो मुन्शी इथेच राहायचा का?

हो, अब्दुल करीम. आग्र्याहून १८८७ साली, विशीतच, तो राणीच्या सेवेत आला आणि तिला हिंदुस्तानी शिकवू लागला. ती भाषा उर्दू लिपीत लिहायला ती शिकली. दरबारातल्या गोऱ्या मंडळींना तो कधीच रुचला नाही. राणी गेल्यावर सातव्या एडवर्डने त्याच्याकडची तिची पत्रं जाळायला लावली आणि त्याला आग्र्याला परत पाठवलं. तिथे १९०९ मध्ये तो वारला. स्वोबोडाने काढलेलं त्याचं चित्रही आहे. वर प्रश्न १० मध्ये सांगितलेल्या चित्रांबरोबरच ते पाहा.

१२. कोहिनूर इथे आहे का?

नाही. तो टॉवर ऑफ लंडनमध्ये आहे. हा गोंधळ महाराजा दलीप सिंग यांच्यामुळे होतो. पंजाब खालसा झाल्यावर कोहिनूर ज्यांच्याकडून घेतला गेला तेच हे. १८५४ साली, पंधरा-सोळाव्या वर्षी, ते ऑस्बर्नला पाहुणे म्हणून आले होते आणि त्यांचं भव्य तैलचित्र इथे आहे.

१३. खोल्यांत इतका अंधार का असतो? फोटो काढता येतात का? वस्तूंना हात लावला तर?

प्रकाशाने कापड, कागद आणि जलरंग कायमचे फिके पडतात. गेलेला रंग कोणत्याही उपायाने परत येत नाही. म्हणून अशा वस्तूंवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजण्याचं एकक) जास्त प्रकाश पडू देत नाहीत. बाहेर ढगाळ दिवशीसुद्धा तो हजारांत असतो. डोळ्यांना दोन-चार मिनिटं द्या, मग बारीक नक्षी दिसू लागते.

याच कारणासाठी फ्लॅश आणि ट्रायपॉड चालत नाहीत. स्वतःसाठी साधे फोटो काढायला हरकत नसते, मात्र एखाद्या खोलीत मनाईची पाटी असेल तर ती पाळा. हात लावू नका. बोटांवरच्या तेलाने आणि घामातल्या क्षारांनी मुलामा उतरतो. टोकदार टाचांची पादत्राणं टाळा, पाठीवरची पिशवी पुढे घ्या. मोर आणि गणपती पाहून कोणी हात जोडले तर कोणी हरकत घेणार नाही, पण फूल, अक्षता वगैरे काही ठेवू नका.

१४. लहान मुलं कंटाळतील का? आजी-आजोबांना चालणं झेपेल का?

मुलांना घरापेक्षा बाहेर जास्त आवडतं. घरापासून अर्ध्याएक मैलावर स्विस कॉटेज आहे. राणीच्या नऊ मुलांसाठी १८५३ ते ५४ मध्ये बांधलेलं हे लाकडी घर. राजपुत्र आणि राजकन्या इथे स्वयंपाक शिकत. बाहेर प्रत्येकाचा स्वतःचा वाफा होता, त्यात पिकवलेली भाजी अल्बर्ट बाजारभावाने विकत घेई. प्रत्येकाच्या नावाची आद्याक्षरं असलेल्या त्यांच्या छोट्या ढकलगाड्या अजून ठेवल्या आहेत. पलीकडे मुलांनी खेळायला केलेला किल्ला आहे, आणि त्याहून पुढे राणीचा खासगी समुद्रकिनारा. राणी ज्यातून पाण्यात उतरायची ती चाकांवरची लाकडी खोली तिथे आहे. हा किनारा २०१२ मध्ये लोकांसाठी खुला झाला, मुलांना तिथे खेळू द्या.

घर, स्विस कॉटेज आणि किनारा यांच्यामध्ये हंगामात छोटी बस असते. गुडघे दुखणाऱ्यांनी परतीचा चढ पायी चढू नये. घरातला तळमजला चाकांच्या खुर्चीसाठी सोयीचा आहे, वर जायचं असेल तर आदल्या दिवशी फोन करून व्यवस्था विचारून घ्या. बाबागाडी घरात नेण्याऐवजी बाळाला कडेवर किंवा झोळीत घ्या.

१५. डबा नेला तर चालतो का? आणि इस्टेटीतच राहता येतं असं ऐकलं, खरं आहे?

दोन्ही खरं. घरात खाणंपिणं बंद, पण बाहेरच्या हिरवळीवर सतरंजी टाकून खुशाल बसा. उपाहारगृहात शाकाहारी पदार्थ असतात, मात्र निवड मर्यादित, तेव्हा तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि दशम्या सोबत असू द्या. कचरा परत न्या.

राहण्यासाठी इंग्लिश हेरिटेज इस्टेटीतली काही जुनी छोटी घरं सुट्टीसाठी भाड्याने देते. संध्याकाळी दरवाजे बंद झाल्यावर बाग तुमच्यापुरती उरते. आरक्षण फार आधी करावं लागतं. ते न मिळाल्यास काउज, न्यूपोर्ट किंवा राइडमध्ये हॉटेलं आहेत.

१६. इमारतीचा काही भाग पाहायला मिळत नाही. तो का?

सगळं घर संग्रहालय कधीच नव्हतं. देशाला दिल्यानंतर त्याचा एक भाग आजारी आणि जखमी अधिकाऱ्यांचं आरोग्यधाम झाला, ते २००० पर्यंत चाललं. इस्टेटीवर १९०३ ते १९२१ या काळात नौदलाचं कॉलेज होतं, पुढे राजे झालेले आठवा एडवर्ड आणि सहावा जॉर्ज तिथे शिकले. त्याशिवाय गालिचे, पडदे यांच्या डागडुजीसाठी एखादी खोली महिनोन्‌महिने बंद असू शकते. दरबार रूमसाठीच जाणार असाल तर ती उघडी आहे ना, हे आधी विचारा. तिथे कधी कधी समारंभही असतात.

१७. बाबासाहेबांचं लंडनमधलं घरही त्याच दिवशी करता येईल का?

एका दिवसात दोन्ही करू नका. डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहिले ते घर उत्तर लंडनमध्ये, १० किंग हेन्रीज रोड इथे आहे. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ साली विकत घेतलं आणि आता ते स्मारक आहे. त्याला स्वतंत्र दिवस द्या. जवळचं भुयारी रेल्वे स्टेशन चॉक फार्म.

नकाशा वापरताना एक काळजी घ्या. याच भागात स्विस कॉटेज नावाचं भुयारी रेल्वेचं स्टेशन आहे. ऑस्बर्नच्या स्विस कॉटेजशी (प्रश्न १४) त्याचा काही संबंध नाही. फोनमध्ये नुसतं ‘स्विस कॉटेज’ टाकून निघालात तर बेटाऐवजी तिथे पोचाल. ‘ऑस्बर्न, ईस्ट काउज’ असंच टाका.